डावीकडून चौथा

फ्लेक्सवर साठीला टेकलेले चेहरे होते. एकाच्या डोक्याला मुलीच्या लग्नातला फेटा तसाच राहिला होता, एकाचा फोटो आधार कार्डावरून उचललेला दिसत होता, एका वर्गमैत्रिणीच्या फोटोत तिच्या कडेवरच्या नातवाचा नुसता हात उरला होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध पंधरा वर्षांचा एक मुलगा. परळच्या त्या हॉलमध्ये आमच्या दहावीच्या वर्गाचं संमेलन होतं. आत बटाटेवड्यांचा घमघमाट सुटला होता, छातीवरचे नावांचे बिल्ले वाचून माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि मी दारातच त्या मुलापुढे उभा राहिलो.

त्याचा वेगळा फोटो कुणाकडेच नव्हता. म्हणून वर्गाच्या ग्रुप फोटोतून त्याचा तेवढा चेहरा कापून मोठा केला होता. तो इतका फुटला होता की डोळ्यांच्या जागी करडे चौकोनच दिसत होते. पण खांदा मात्र स्पष्ट होता, आणि त्या खांद्यावर चार बोटं होती. ती माझी. फोटोग्राफरने ‘जरा जवळ सरका’ म्हटल्यावर मी त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. कापणाऱ्याने मला काढून टाकलं, बोटं राहिली.

हजेरीपटावर तो सदतीस, मी अडतीस. पीटीचे सर नावाने कधी हाक मारत नसत, नंबरानेच मारत. त्यामुळे मैदानावर त्याला सगळेच सदतीस म्हणायचे आणि पुढे वर्गातही तेच नाव पडलं.

तो फोटो १९८२ च्या जानेवारीतला. गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला. फोटो त्याच्या आधी काढला की नंतर, यावर आमच्यात एकमत नाही. मला तो नंतरचाच वाटतो, कारण प्रती फार थोड्यांनी घेतल्या. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील गिरणीत होते. माझेही, साचा खात्यात. मुंबईतले जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर होते आणि दहावीची परीक्षा मार्चवर आली होती. पुठ्ठ्यावर चिकटवलेला काळा-पांढरा फोटो, खाली छापलेली नावं, ‘उभे, डावीकडून’. त्या महिन्यात घरी असल्या गोष्टीसाठी पैसे मागायची कुणाची छाती नव्हती. डावीकडून चौथ्याने तर ती प्रत हातातही घेतली नसेल.

त्याची आई खानावळ चालवायची. गिरणगावाबाहेर वाढलेल्यांना खानावळ म्हटलं की पाटी, टेबलं, गल्ल्यावरचा माणूस आठवतो. आमच्याकडची खानावळ म्हणजे चाळीतली एक खोली, दोन स्टोव्ह, एक बाई आणि वीस-पंचवीस जेवणारे. कोकणातून, घाटावरून गडी एकटा यायचा, बायकामुलं गावाला. गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकण्यापुरती जागा मिळायची, तीही पाळीपाळीने, कारण रात्रपाळी करून आलेला माणूस पहिल्या पाळीला गेलेल्याच्या जागी झोपायचा. जेवण मात्र खानावळीत. पगार महिन्याने, म्हणून खानावळीचा हिशेबही महिन्याने. तोवर तांदूळ, तेल, रॉकेल बाईने उधारीवर उचलायचं, आणि वाणी थांबेनासा झाला की सावकाराकडे जायचं. याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणगावावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, भाषणांवर, मोर्चांवर, पुढाऱ्यांवर. या बायकांवर त्या मानाने फार थोडं, आणि त्याची मला खंत वाटते. गिरण्या चालत होत्या त्या त्यांच्या भाकऱ्यांवर.

शाळा दुपारची. सदतीस अकराच्या सुमाराला डबे गिरणीच्या गेटवर पोचवायचा आणि तसाच वर्गात यायचा. त्याच्या दप्तराला कोकमाचा वास असायचा. त्याच्या डब्यात उरलंसुरलं असे, पण ते उरलंसुरलं! बुधवारी बांगडा, शुक्रवारी सुकट, आणि जेवणाऱ्यांत बरेच जण गुरुवार पाळणारे, म्हणून त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ. त्या उसळीचं वाटण पाट्यावरचं असायचं, खोबऱ्याचा कण दाताखाली येईल इतकं जाडसर. मिक्सरमधलं गुळगुळीत वाटण घातलेली उसळ मी आजही पानात वाढून घेत नाही.

त्याची बीजगणिताची वही मागून उलटी धरली की खानावळ सुरू व्हायची. आडव्या ओळीत तारखा, उभ्या रांगेत माणसं. जेवला तर तिरकी रेघ, नाही तर शून्य. शून्य म्हणजे खाडा, आणि महिनाअखेरीला खाडे वजा. माणसांची नावं तो लिहीत नसे. ‘त्रासनवाले भाऊ’, ‘चिपळूण’, ‘चिपळूणचा मेव्हणा’, ‘बदली’. बदली कामगाराला रोज गेटवर जाऊन उभं राहावं लागायचं, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी काम. काम मिळालं नाही त्या दिवशी हा बदली जेवायला येत नसे. मग सदतीसची आई याला त्याच्या गाळ्यावर बोलवायला पिटाळायची, आणि त्या जेवणाची रेघ मारायची नाही अशी ताकीद द्यायची. रेघ नाही आणि खाडाही नाही, मग लिहायचं काय? तो तिथे टिंब द्यायचा. बारीक टोकाच्या पेन्सिलीचं, चौकोनाच्या बरोबर मध्ये. टिंबांचे पैसे नसत.

फेब्रुवारीचं पान त्याने मला भूमितीच्या तासाला बाकाखालून दाखवलं. पहिल्या आठवड्यात रेघा होत्या. मग टिंबं लागली, एकेका रांगेत, मग सगळ्याच रांगांत. आणि त्यानंतर शून्यं, पानाच्या कडेपर्यंत. माणसं गावाला निघून गेली होती. कोकण रेल्वे पूर्ण धावायला १९९८ साल उजाडायचं होतं. तेव्हा परळ आगारातून रात्रीच्या एस.टी. सुटायच्या, आणि त्या दिवसांत गाडीच्या टपावर वळकट्या, ट्रंका बांधलेल्या असायच्या. काहींनी जाताना मागची बाकी चुकती केली. काही म्हणाले, संप मिटला की देतो. खोटं बोलायचा कुणाचाच हेतू नव्हता. चारसहा महिन्यांत मिटेल असं सगळेच धरून होते. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही.

“बघ,” पानावर बोट फिरवत तो म्हणाला, “अख्खा वर्ग गैरहजर.”

दहावी तो चांगल्या मार्कांनी पास झाला. बीजगणितात तर वर्गात वरच्या पाचांत. अकरावीचे प्रवेश सुरू असतानाच त्याच्या आईने दोन्ही स्टोव्ह विकले आणि बिऱ्हाड गावाला गेलं. मी कॉलेजात गेलो. त्याला पत्रं टाकायचो, तोही टाकायचा. त्याच्या पत्रात शेताचं, गुरांचं काही नसे, हिशेब असे. गावात कुणाकडे किती नारळ, सोसायटीचं व्याज किती, दुधाचा धंदा केला तर महिन्याला काय सुटेल. १९८४ साली गणपती करून परत आलेल्या एका शेजाऱ्याने बोलता बोलता सांगितलं की तो पोरगा शिमग्याच्या आधीच गेला. कावीळ झाली होती. गावठी औषधात दिवस गेले.

शिमगा ते गणपती. एवढा काळ आमच्यापुरता तो जिवंत होता. याच मधल्या महिन्यांत मी त्याला एक पोस्टकार्ड टाकलं होतं, परीक्षेचा निकाल कळवणारं. ते त्या घरात कुणी वाचलं असेल?

नात्यातलं कुणी गेलं की काय करायचं ते ठरलेलं असतं. दहा दिवसांचं सुतक, तीन दिवसांचं, अगदी दूरचं असेल तर नुसती आंघोळ. बाकावरच्या शेजाऱ्याचं काहीच नसतं. ज्याच्याबरोबर रोज पाच-सहा तास मांडीला मांडी लावून काढले, ज्याची शाई आपल्या सदऱ्यावर सांडली, त्याच्यासाठी आपल्या लोकांनी एक आंघोळसुद्धा ठेवलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलो, प्रॅक्टिकल केलं, संध्याकाळी रेशनच्या रांगेत उभा राहिलो. कुणाला सांगणार आणि काय म्हणून सांगणार?

नंतर एकेक जण गेले. एक १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी, वरळीला सेंच्युरी बाजारपाशी झालेल्या स्फोटात. एक लोकलमधून पडून, ऐन गर्दीच्या वेळी. एक एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्याला आम्ही मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं, तेही क्षणभर. मुलींची यादी अजून अपुरीच आहे. आम्ही त्यांना माहेरच्या आडनावाने शोधतो आणि त्या सासरच्या नावाने जगल्या, काही जणी सासरच्या नावाने गेल्या. एकीची बातमी वर्तमानपत्रात आली होती म्हणे. आम्ही ती वाचलीही असेल आणि पान उलटलं असेल.

संमेलनात सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. करणाऱ्यांच्या मनात आदरच होता, पण मला शाळूसोबत्यांसाठी ही रीत पटत नाही. आमचा वर्ग शांत असायचा तो फक्त तपासणीला साहेब आले की. एरवी तो आवाजाचाच होता: बाकांचा, भांडणांचा, मधल्या सुट्टीच्या घंटेआधीच उघडणाऱ्या डब्यांचा. फ्लेक्सवर प्रत्येकाच्या फोटोखाली तीच ती ठरलेली विशेषणं होती, आणि ती एका ओळीतून उचलून दुसऱ्या ओळीत ठेवली असती तरी काही बिघडलं नसतं. शाळासोबत्याबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक असतं. त्याचा संसार, नोकरी, दुखणी आपल्याला माहीत नसतात. पण जे ठाऊक असतं ते त्याच्या बायकोला नसतं, मुलांना नसतं: तो ‘क्ष’ कसा काढायचा, सर बाहेर गेले की कुणाची नक्कल करायचा, कुणाच्या नावाने त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. ते जिथे पोचायला हवं तिथे आपण पोचवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून फेट्यातल्या फोटोवाल्याच्या घरी आम्ही तिघे मुद्दाम गेलो. त्याच्या वडिलांची गिरणी बंद पडल्यावर ते लोक नालासोपाऱ्याला राहायला गेले होते. शाळेत तो कबड्डीत चढाईला जायचा. गिरणगावात त्या काळी गिरण्यांचे स्वतःचे कबड्डी संघ होते. पोरगा चांगला खेळतो असं दिसलं की त्याला गिरणीत चिकटवून घ्यायचे. त्याचं सगळं गणित त्यावर मांडलेलं होतं. पुढे तो एका गिरणीच्या जागेवर झालेल्या मॉलमध्ये सुरक्षारक्षक म्हणून राहिला, आणि आठ-आठ तास उभं राहून त्याचे गुडघे गेले.

वहिनींनी चहा ठेवला. आम्ही कबड्डीचं काढलं तर त्या चहाची गाळणी हातात घेऊन तशाच बाहेर आल्या.

“हे खेळायचे? मला कधी बोलले नाहीत. मी तर यांना जिना चढतानाही कठड्याला धरूनच पाहिलंय.”

मग आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना निघाला. शेवटची चढाई, आमचा एक गुण कमी, समोर चार जण. घोट्याची पकड बसली, वरून दुसरा पडला, आणि हा दम न सोडता मध्यरेषेकडे सरकत होता. बोटं रेषेला लागली होती यावर आम्हा तिघांचंही एकमत. पण त्याआधी दम तुटला होता की नव्हता, यावरून पंचांनी निकाल विरुद्ध दिला होता, आणि तो आम्ही अजून मान्य केलेला नाही. म्हणजे मी आणि आणखी एकाने. तिसरा म्हणाला की दम तुटला होता, मी सगळ्यात जवळ होतो, मी ऐकलं. आवाज चढले. टीपॉय भिंतीला लावला गेला. पोट सुटलेला, बायपास झालेला आमचा मित्र लादीवर पालथा पडला आणि हात लांब करून दाखवू लागला की अंतर किती होतं. दुसऱ्याने त्याचा घोटा धरला. थोरला मुलगा आतल्या खोलीतून धावत आला, त्याला वाटलं कुणाला काही झालं.

“अहो, पण दम तुटला नव्हता ना?” वहिनींनी विचारलं. गाळणी अजून हातातच होती.

“नव्हता.”

“होता, वहिनी.”

“थांबा,” त्या म्हणाल्या, “हे नेमके कुठून निघाले होते ते आधी दाखवा मला.”