शेजारच्या खोलीतला संसार

मराठीचं व्याकरण आणि कोश छापणारे विल्यम केरी शाळेच्या पुस्तकात भेटतात. कोलकात्याजवळच्या श्रीरामपुरात भेटते ती त्यांच्या मोडक्या आणि तरीही न मोडलेल्या संसाराची कहाणी.

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला अहिल्यानगर जिल्ह्यातलं गाव आठवतं. ऊस, साखर कारखाने आणि बाजारपेठेचं. पण याच नावाचं आणखी एक गाव कोलकात्यापासून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. हावड्याहून बँडेलची लोकल पकडायची. लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, कोन्नगर, रिश्रा... स्टेशनामागून स्टेशनं जातात आणि अर्ध्या-पाऊण तासात गाडी श्रीरामपूरला येते. बाहेर पडलं की सायकलरिक्षा, मिठाईची दुकानं, बंगाली पाट्या. कुठल्याही बंगाली गावासारखंच गाव. नदीच्या दिशेनं चालू लागलं की मात्र नूर बदलतो. रस्ते रुंद होतात, जुन्या खांबांच्या इमारती दिसू लागतात आणि समोर येते संथ, मातकट पाण्याची हुगळी. पलीकडच्या तीरावर बराकपूर.

१७५५ ते १८४५ हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. त्या काळी त्याचं नाव होतं फ्रेडरिक्सनगर. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून १८०० सालच्या जानेवारीत विल्यम केरी डॅनिश झेंड्याच्या आसऱ्याला इथे आले. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी छापखाना घातला. १८१८ मध्ये कॉलेज काढलं. उंच खांबांची ती देखणी इमारत आजही नदीकाठी उभी आहे आणि तिथे आजही मुलं शिकतात.

मराठी माणसाला केरी परके नाहीत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत होते! एवढी कामं करणाऱ्या या माणसाच्या घरात काय चाललं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

नको असलेला प्रवास

डोरोथी प्लॅकेट ही इंग्लंडमधल्या एका खेड्यातली मुलगी. नवऱ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी. १७८१ मध्ये लग्न झालं तेव्हा तिला लिहिता येत नव्हतं. चर्चच्या वहीत तिनं सहीऐवजी फुली केली. नवरा जोडे शिवायचा आणि उरलेल्या वेळात भाषा शिकायचा. गरिबी पाचवीला पुजलेली. दोन मुली लहानपणीच गेल्या. अशात १७९३ मध्ये केरींनी जाहीर केलं, देवाची हाक आली आहे, हिंदुस्थानात जायचं!

डोरोथी गरोदर होती. तिनं साफ नकार दिला. केरी थोरल्या फेलिक्सला घेऊन एकटेच निघाले. पण कंपनीचा परवाना नव्हता म्हणून त्यांना जहाजावरून उतरावं लागलं. ते घरी परतले तेव्हा डोरोथी तीन आठवड्यांची बाळंतीण होती. तिनं पुन्हा नाही म्हटलं. शेवटी केरींचे सहकारी डॉक्टर जॉन थॉमस यांनी तिला गाठलं. कुटुंबाची ताटातूट होईल आणि तुला जन्मभर पस्तावावं लागेल, असं बजावलं. ती बिचारी कशीबशी तयार झाली, तीही धाकटी बहीण किटी सोबत येणार असेल तर!

नोव्हेंबर १७९३ मध्ये हे कुटुंब कलकत्त्याला उतरलं. जवळचे पैसे बघता बघता संपले. आज बस-रिक्षांच्या गजबजाटात हरवलेल्या माणिकतळ्यात त्यांनी एका सावकाराच्या बागेतल्या घरात आसरा घेतला. मग सुंदरबन. तिथे किटीचं लग्न ठरलं आणि बहिणीची सोबत सुटली. त्यानंतर माल्द्याकडे मदनावतीचा निळीचा कारखाना. तिथे १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर तापानं गेला. परका मुलूख, परकी भाषा आणि पोराला मूठमाती द्यायलाही माणसं मिळेनात.

त्यानंतर डोरोथीचं मन जे बिघडलं ते कायमचंच. नवरा बाहेरख्याली आहे, या संशयानं तिला घेरलं. ती भर रस्त्यात त्यांच्या मागे जाऊन नको नको ते बोले. एकदा तर ती त्यांच्या जिवावर उठली. इतर वेळी मात्र तिचं बोलणं शहाण्यासारखं असे, त्यामुळे परक्यांना तिचं खरंही वाटे. १७९६ मध्ये जोनाथन जन्मला, तोही याच दिवसांत.

भिंतीपलीकडचा आवाज

श्रीरामपुरात आल्यावर तिला बरेचदा खोलीत बंद ठेवावं लागे. शेजारच्या खोलीत केरी पंडितांबरोबर भाषांतराला बसत. जोशुआ मार्शमन यांच्या मुलानं मिशनच्या इतिहासात हे लिहून ठेवलं आहे. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. केरींनी सात वर्षं वाट पाहिली तो हा दिवस. काठावर प्रार्थना चालली होती आणि घरातून डोरोथीचा आक्रोश ऐकू येत होता.

तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवा, असा सल्ला केरींना मिळाला. त्या काळची असली इस्पितळं म्हणजे काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी. केरींनी ऐकलं नाही. आजारपणातही साथ देईन, हे वचन त्यांनी देवासमोर दिलं होतं. ८ डिसेंबर १८०७ रोजी तापानं डोरोथी गेली, तोवर बारा वर्षं ती घरातच राहिली.

हे एकट्या केरींच्यानं झालंही नसतं. मिशनमधल्या सगळ्या कुटुंबांचा पैसा एकत्र आणि पंगतही एकच. हॅना मार्शमन यांनी आईविना वाढणाऱ्या केरींच्या मुलांना शिस्त लावली, माया दिली. संसार टिकला तो नवऱ्याच्या श्रद्धेवर आणि शेजारणीच्या कष्टांवरही.

तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या श्रद्धेनं केरींनी बायकोला शेवटपर्यंत सांभाळलं, त्याच श्रद्धेनं तिला तिच्या मनाविरुद्ध सात समुद्रांपार आणलं होतं. वचन पाळायला सुरुवात कधी करायची? बायको आजारी पडल्यावर, की ती ‘नाही’ म्हणते तेव्हाच?

आपल्या राहुरीचं उत्तर

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच मातीत सापडतं, तेही आपल्या श्रीरामपूरच्या शेजारी, राहुरीला. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं सांभाळून! टिळकांनी बळजबरी केली नाही. जातिभेद खोटा, हे लक्ष्मीबाईंना आपलं आपल्याला उमगलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. हा रुसव्या-फुगव्यांचा, भांडणांचा आणि हसण्याचा संसार ‘स्मृतिचित्रे’मध्ये घरोघरी वाचला गेला. तिथे नवऱ्यानं वाट पाहिली आणि बायकोला आपल्या पायांनी चालत येता आलं. डोरोथीला ती सवड मिळाली नाही.

श्रीरामपूरच्या मिशन कबरस्तानात आज चिटपाखरूही नसतं. इथेच १८३४ मध्ये केरींना मूठमाती दिली. डोरोथीही याच मातीत आहे. संशोधक जेम्स बेक यांनी १९९२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे ती ‘थोर माणसाची वेडी बायको’ या शिक्क्यातून थोडी सुटली. आज तिच्यासारख्या आजारावर औषधं आहेत, डॉक्टर आहेत. घरातल्या माणसानं पाठ न फिरवणं मात्र आजही कुठल्या दुकानात मिळत नाही.

जायचं कसं?
हावड्याहून बँडेल लोकलनं श्रीरामपूर. नदीपलीकडे बराकपूर असेल तर होडीनंही येता येतं. कॉलेज, केरी ग्रंथालय, सेंट ओलाव्ह चर्च आणि कबरस्तान एका दिवसात पाहून होतं. या चर्चच्या जीर्णोद्धाराला २०१६ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दमलात तर नदीकाठी जुन्या डेन्मार्क टॅव्हर्नमध्ये कॉफी घ्या. कोलकात्यात परतल्यावर बहुबाजारातलं १८०९ सालचं केरी बॅप्टिस्ट चर्चही पाहावं.