देवळालीचा ताप

लासूर स्टेशन,
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय दत्ता,

तुझी शब्दांची यादी पोचली. फोनवर उत्तर दिलं असतं, पण तू मधेच बोलतोस आणि माझं वाक्य तिथंच राहतं, म्हणून पत्र. इकडची खबर आधी घे. मृग लागला, एक सर येऊन गेली, पेरणीजोगा पाऊस अजून नाही. कांदा चाळीत आहे आणि भाव कधी चढणार यावर मार्केट यार्डासमोरच्या हॉटेलात रोज सकाळी परिसंवाद झडतो. सगळे वक्ते, श्रोता एकटा चहावाला.

आता यादी. इंग्रजीतले तुझे लाडके चमत्कारिक शब्द तीन: ‘डिफेनेस्ट्रेशन’, ‘सेरेंडिपिटी’ आणि ‘पेट्रिकोर’. वरून मला विचारतोस, तुझे कोणते? सांगतो, पण आधी तुझ्या तिघांचे पेपर तपासू दे.

‘डिफेनेस्ट्रेशन’, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. १६१८ साली प्रागमध्ये चिडलेल्या सरदारांनी बादशहाचे दोन कारभारी आणि त्यांचा एक कारकून असे तिघं किल्ल्याच्या खिडकीतून खाली टाकले. तिघंही जगले, आणि त्या भांडणातून युरोपात तीस वर्षं चालणारं युद्ध पेटलं. मला त्यातल्या कारकुनाचं वाईट वाटतं. राजकारण दोघांचं, फेकलं तिघांना. पण खरं सांगू, आपल्या जनरल डब्यात खिडकीतून आत फेकायची रीत आहे. आधी रुमाल, मग पिशवी, मग पोरगं. त्याला इंग्रजांकडे शब्द आहे का, ते बघ.

‘सेरेंडिपिटी’ पास. होरेस वॉलपोलनं २८ जानेवारी १७५४ ला मित्राला लिहिलेल्या पत्रात तो घडवला. सरनदीपच्या तीन राजपुत्रांची गोष्ट त्यानं वाचली होती, त्यावरून. सरनदीप म्हणजे श्रीलंका, मुळात सिंहलद्वीप. पत्रात जन्मलेल्या शब्दाला मी पत्रात नापास कसा करू?

‘पेट्रिकोर’वर मात्र माझा आक्षेप आहे. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पहिल्या पावसाच्या वासाला हे नाव दिलं. ग्रीकमधला दगड घेतला, ग्रीक देवांच्या अंगातलं रक्त घेतलं आणि दोन्ही जोडून टाकलं. कल्पना सुंदर आहे. उत्तर प्रदेशातले अत्तारवाले हाच वास चंदनाच्या तेलात उतरवून ‘मिट्टी का अत्तर’ म्हणून विकत आलेत, हेही त्या दोघांना ठाऊक होतं. पण शब्द हुशार असला तरी कुणाच्या तोंडात झिजलेला नाही. परवा सर आली तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनी नुसता नाकानं लांब श्वास घेतला. आठ महिने पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखाला त्या वासाचं नाव सुचायला सवड नसते.

माझे लाडके वेगळे. ज्यांना कुणी बसून घडवलं नाही, जे कुणीतरी चुकीचं ऐकलं म्हणून जन्मले, ते. त्यांचा राजा तिकडे इंग्लंडात, तुझ्या गावात रोज तुझ्या कानावर पडत असेल. कुणी विसराळूपणा केला, म्हातारा बरळायला लागला, की तिथली माणसं म्हणतात, गेला हा ‘डूलॅली’. तू हसून सोडून देत असशील. लेका, ते आपलं देवळाली आहे!

हो, नाशिकरोडशेजारचं. १८६० च्या दशकात इंग्रजांनी तिथं लष्कराची छावणी बसवली. विलायतेहून मुंबईला उतरलेले गोरे सोजीर आधी तिथं आणायचे आणि मग हिंदुस्थानभर पाठवायचे. आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली, तेही परतीच्या जहाजासाठी तिथंच येऊन थांबायचे. गोम अशी की सैनिकांची जहाजं बारा महिने चालत नसत. शरदापासून वसंतापर्यंतचा हंगाम असायचा. तो संपल्यावर छावणीत आलेला शिपाई पुढच्या हंगामापर्यंत अडकला. कवायत नाही, पहारा नाही, लढाई तर नाहीच. नुसतं ऊन, दारू, पत्ते, डास आणि वाट बघणं. वर्षानुवर्षं चांगली चाकरी केलेली माणसं तिथं बिघडली. कुणी भांडणात तुरुंगात गेलं, कुणी रोग लावून घेतला, कुणाचं डोकं फिरलं. अशा माणसाला शिपाईभाषेत म्हणायचे, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायानं ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ साली निघालेल्या आठवणींत ही हकीकत लिहून ठेवली आहे.

या ‘टॅप’मध्ये नळ किंवा टिचकी शोधू नकोस. तो ताप आहे. शिपायानं तो हिंदुस्थानीतून उचलला, फारसी ‘तप’. आपला संस्कृतातून आलेला ताप आणि तो, दोघं एकाच धातूचे. म्हणजे अख्खा शब्दप्रयोग ‘देवळालीचा ताप’. पुढे इंग्रजांनी ताप सोडून दिला आणि देवळाली ठेवली. १९७४ साली बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची विनोदी मालिका सुरू झाली, तिचा पहिला मुक्काम देवळालीच्या छावणीतच होता.

मला यात सर्वांत गंमत कशाची वाटते सांगू? आपण वेडाला दवाखान्याचं गाव लावतो. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’. तिथं निदान मनोरुग्णालयं आहेत. देवळालीला काय, तर मोकळी हवा. मुंबईचे पारशी-गुजराती शेठ पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या आरोग्यभवनांत प्रकृती सुधारायला गेले. ज्या हवेनं एकाचा खोकला गेला, त्याच हवेत दुसऱ्याचं डोकं गेलं. फरक एवढाच की एकाच्या खिशात परतीचं तिकीट होतं. तोफखान्याचं मोठं प्रशिक्षण केंद्र आज तिथं आहे, पण इंग्रजी भाषेत त्या गावानं टाकलेला सर्वांत मोठा बार हाच.

आणि हे एकतर्फी नव्हतं बरं. सोजिराच्या कानानं देवळालीचं जे केलं, तेच आपल्या कानानं त्यांच्या ‘वॅगन’चं केलं. वाघीण! मालगाडीच्या वाघिणी. वर्तमानपत्रात ‘चार वाघिणी घसरल्या’ असं वाचून आमच्या वर्गात एका पोरानं विचारलं होतं, गुरुजी, मग पिलं कुठायत? प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, गॅसलाइटचं घासलेट झालं, टंबलरचं टमरेल होऊन कुठल्या कामाला लागलं ते तुला ठाऊक आहे. सिग्नलला तर आपल्याकडे कुणी सिग्नल म्हणतच नाही, ‘सिंगल पडला’ म्हणतात. अनोळखी आवाज आला की कान घरातलाच एखादा ओळखीचा शब्द त्याला नेसवतो. वाघीण तयारच होती, तिला फक्त चाकं लागली.

या खोडीचं खुद्द इंग्रजांनीच बारसं केलंय. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश काढला, त्याचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. कुठल्या दोन साहेबांची नावं नाहीत ती. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन! या हुसेन!’ असा आक्रोश चालायचा, तो गोऱ्या शिपायांना ‘हॉब्सन-जॉब्सन’ ऐकू आला. शोक करणाऱ्यांच्या हाकेतून लंडनच्या एखाद्या पेढीची पाटी निघाली! शब्द असा मोडून आपलासा करायच्या सवयीला भाषाशास्त्रात ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ असंही म्हणतात.

त्या रांगेत आपल्या मराठीचं एक जनावर आहे, मुंगूस. इंग्रजीत गेलं आणि ‘मंगूज’ झालं. आता ‘गूज’ म्हणजे हंस, त्याचं अनेकवचन ‘गीज’. म्हणून भलेभले इंग्रज ‘मंगीज’ म्हणायला जातात आणि जीभ चावतात. शेवटच्या ‘गूस’शी हंसाचा काडीचा संबंध नाही, हे त्यांना कोण सांगणार? १८७२ साली भारतातून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला. त्यांनी उंदीर खाल्ले, मग पक्षी, सरडे आणि लोकांच्या कोंबड्याही खाल्ल्या. शब्द मात्र तिकडे सुखरूप आहे.

‘डंगरी’चंही तेच. मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड, खलाशांच्या अंगावरचं. आज आमच्या बाजारपेठेत लहान पोरांची डंगरी काचेच्या कपाटात टांगलेली असते आणि दुकानदार तिला ‘फॉरेन पॅटर्न’ म्हणून खपवतो. मी काही बोलत नाही. त्याचा धंदा आहे.

माझं गावच या वर्गातलं, म्हणून ही आवड असेल. मूळ लासूर दाक्षायणी देवीचं, शिवना नदीकाठचं. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे मीटरगेज आली, तिच्या थांब्याभोवती जे वाढलं ते लासूर स्टेशन. इंग्रजी शब्द आडनावासारखा गावाला चिकटला. तिकडे चांदूर रेल्वे आणि धामणगाव रेल्वे, साताऱ्याकडे वाठार स्टेशन, ही आमची भावकी. पोस्टाच्या पत्त्यात ‘स्टेशन’, बोलताना ‘टेशन’. बाई माहेरी जाताना ‘टेशनला चालले’ म्हणते तेव्हा तिच्या मनात रूळ नसतात, आईचं घर असतं.

शेवटचा शब्द तुझ्यासाठी राखून ठेवलाय. ‘ब्लायटी’. देवळालीत अडकलेला तो शिपाई ज्या देशाची वाट बघायचा, त्याला तो लाडानं ब्लायटी म्हणायचा. आणि ब्लायटी म्हणजे विलायती! अरबीत विलायत म्हणजे प्रांत, मुलूख. आपण ती साहेबाच्या देशाला लावली आणि मग परक्या सगळ्यालाच, विलायती चिंच, विलायती बाभूळ. गोऱ्या शिपायानं आपल्या तोंडून ‘विलायती’ ऐकलं आणि स्वतःच्या घराला ते नाव दिलं. पहिल्या महायुद्धात तर खंदकातले जवान ‘ब्लायटी’ जखमेसाठी देवाला विनवायचे. म्हणजे अशी जखम, जिनं जीव जाणार नाही पण घरी पाठवतील. आपल्या तोंडचा ‘परका’ हा शब्द घेऊन माणसं फ्रान्सच्या चिखलात घराची वाट बघत होती, हे मला डूलॅलीपेक्षाही चमत्कारिक वाटतं.

आता तूच सांग. दर वेळी इथून निघताना तू ‘घरी जातो’ म्हणतोस आणि तुझी वहिनी मागून म्हणते, ‘भाऊजी विलायतेला निघाले’. दोघं एकाच गावाबद्दल बोलता. मी कुणाची बाजू घेऊ?

असो. थंडीत येशील तेव्हा मुंबईहून गाडीनंच ये. इगतपुरीनंतर जागा राहा, नाशिकरोडच्या अलीकडे देवळालीचा फलाट लागतो. पाटीचा फोटो काढ आणि तिकडच्या एखाद्या ‘डूलॅली’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला पाठव. आणि तिकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘हॉब्सन-जॉब्सन’ स्वस्तात दिसला तर माझ्यासाठी उचल. वजनदार आहे, विमानाच्या सामानात बसवायला तुला सूनबाईचे चार कपडे काढावे लागतील. परवानगी तूच काढ, माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
टेशनवाला