दलदलीने राखलेली शस्त्रे

आमचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर ग्वाल्हेरला आले. त्यांची म्हणून आमच्या घरात एक तलवार तेवढी उरली आहे. खंडेनवमीला ती पाटावर येते, तिला गंधफूल वाहिले जाते आणि मग वर्षभर ती कपाटात पडून असते. तिची मूठ आता हलू लागली आहे. पात्यावर गंजाचे पापुद्रे चढले आहेत. ती कोणी ठेवावी, की विकून पैसे वाटून घ्यावेत, यावरून आम्हा भावंडांत मध्यंतरी कटुताही आली. ती सल मनात घेऊनच गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता धाकट्या चिरंजीवांकडे डेन्मार्कला गेलो.

ऑर्हूस शहराच्या नैर्ऋत्येस स्कानरबोर्ग गावाजवळ इलेरूप नावाचे एक लहानसे नदीखोरे आहे. चिरंजीवांनी प्रथम तेथे नेले. पाहण्यासारखे असे तेथे काही नाही. गवत, ओलसर जमीन आणि शांतता. परंतु अठराशे वर्षांपूर्वी येथे सरोवर होते. कालांतराने ते बुजून त्याची दलदल झाली. 1950 मध्ये पाण्याचा निचरा करण्यासाठी खोदकाम चालले असता येथे शस्त्रे सापडू लागली. तेव्हापासून 1956 पर्यंत आणि पुन्हा 1975 ते 1985 या काळात येथे उत्खनन झाले. पंधरा हजारांहून अधिक वस्तू बाहेर आल्या.

त्या पाहण्यासाठी ऑर्हूसजवळच्या मोसगॉर संग्रहालयात जावे लागते. 2014 साली उघडलेल्या त्याच्या नव्या इमारतीचे छप्पर उतरते असून त्यावर गवत वाढविले आहे. माणसे त्यावरून टेकडी चढावी तशी चालत जातात. आत मात्र पावले आपोआप मंदावतात. भाल्यांची पाती, ढालींचे उंचवटे, तलवारी यांच्या रांगाच रांगा! पुष्कळशा तलवारी रोमन बनावटीच्या असून काहींवर रोमन छाप स्पष्ट आहेत. ढालींवरील चांदी, कांसे आणि लोखंड यांवरून सेनापती, नायक आणि शिपाई अशी उतरंड अभ्यासकांनी लावली आहे. घोड्यांचे साज तर दृष्ट लागावी असे आहेत: सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांची म्होरकी आणि साखळ्यांचे लगाम. रिकीब मात्र कोठे दिसत नाही. युरोपात ती यावयास अजून काही शतके होती.

नीट पाहिल्यावर ध्यानात येते की, यांतील कितीतरी शस्त्रे मुद्दाम वाकविलेली, ठेचलेली, तोडलेली आहेत. इसवी सन 200 च्या सुमारास एक सैन्य येथे चालून आले आणि पराभूत झाले. विजेत्यांनी त्यांची शस्त्रे निकामी केली, त्यांची गाठोडी बांधली आणि सरोवरात देवतांना अर्पण केली. याच्याही तीनशे वर्षे आधी, इसवी सनापूर्वी 105 मध्ये, किंब्री लोकांनी रोमनांचा पराभव केल्यावर सोनेचांदी नदीत फेकली आणि घोडे पाण्यात बुडविले, असे ओरोसियस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे.

शत्रू कोण होते, हे त्यांच्या कंगव्यांनी सांगितले. शिपायांच्या कमरेला चाकू, विस्तव पाडण्याचे साहित्य आणि कंगवा असे. हे कंगवे रेनडियर आणि एल्क यांच्या शिंगांचे आहेत. त्यावरून हे लोक नॉर्वे व पश्चिम स्वीडनकडून समुद्र ओलांडून आले, असे अनुमान निघाले. त्या कंगव्यांपुढे सौभाग्यवती बराच वेळ उभ्या होत्या. ‘‘घरून निघताना कोणीतरी आठवणीने दिला असेल,’’ एवढेच त्या म्हणाल्या. ढालीच्या एका चांदीच्या पट्टीवर रून लिपीत कोरले आहे: ‘निथियोने हे घडविले.’ आमच्या तलवारीवर घडविणाऱ्याचे नाव नाही, वापरणाऱ्याचेही नाही.

लोखंड इतके टिकले कसे? गाळात प्राणवायू पोहोचत नाही, आणि येथील पाण्यात चुन्याचा अंश आहे. थोर्सबेर्ग येथील दलदलीचे पाणी आम्लधर्मी. तेथे कापड टिकले आणि लोखंड विरून गेले. म्हणजे जतन करावयाचे तर ज्या त्या वस्तूचा स्वभाव ओळखावा लागतो. आम्ही मात्र दरसाल भक्तिभावाने ओले गंध लावून गंजाला आमंत्रण देत आलो!

परंतु आम्हांला अधिक लागले ते निराळेच. ही लूट वाटली गेली असती, तर चांदी वितळली असती, तलवारी दहा घरी जाऊन नष्ट झाल्या असत्या. कोणी वाटा मागितला नाही, म्हणून ती आज सर्वांना पाहावयास मिळते.

परत आल्यावर आम्ही थोरल्या बंधूंना पत्र लिहिले. आमचा वाटा आम्ही सोडला आहे; तलवार विकू नये, सर्वांच्या संमतीने सरकारी संग्रहालयास द्यावी, असे सुचविले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. यंदाच्या खंडेनवमीला तलवार पाटावर येईल, परंतु तिला कोरडे फूल तेवढे वाहू.