विंचवाचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, प्रवासाला निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करणारी बाई तुमच्या घरात आहे का? नीट आठवून पाहा. कदाचित ती तुम्ही स्वतःच असाल!

आमच्या घरात त्या माझ्या सासूबाई. पाच वर्षांपूर्वी नाशिकला नात्यातलं लग्न होतं. धुळ्याहून बसने निघायचं, म्हणून यांनी आदल्या संध्याकाळपासून घोटभरसुद्धा पाणी घेतलं नाही. वाटेत बस थांबली तिथलं स्वच्छतागृह पाहून त्या तशाच माघारी आल्या. कार्यालयात पाहुण्यांची ही गर्दी, एकच न्हाणीघर, तिथेही नंबर लागेना. परतल्यावर तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, लघवीला आग. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवून धरणं, या दोन्हींनी जंतूंचं फावतं. बायकांचा मूत्रमार्ग मुळात आखूड, म्हणून हा त्रास आपल्यालाच जास्त. त्या दिवसापासून सासूबाई कुठे म्हणून गेल्या नाहीत. कुणी बोलावलं की एकच उत्तर, "मी घरमाच बरी. तुम्ही जाई या." आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते सोयीचंच वाटायचं. घर राखायला माणूस मिळत होतं ना!

यंदा मात्र वेगळंच घडलं. आमच्या दिरांच्या एका मित्राने जुनी कॅराव्हॅन विकत घेतली. म्हणजे आत झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि पडद्याआड एक पेटीसारखं कमोड असलेली गाडी. अशा गाड्यांसाठी आपल्या राज्य सरकारने २०२१ साली धोरणही आणलंय म्हणे. (कुणाच्या यजमानांच्या डोक्यात घरच्याच टेम्पोत पलंग आणि टाकी ठोकायचं आलं असेल, तर आधी आरटीओकडे चौकशी करायला सांगा. परवानगीशिवाय गाडीत असे बदल करता येत नाहीत.) नाताळच्या सुट्टीत तीन दिवस ती गाडी आम्हाला मिळणार आहे. आमच्या 'ह्यां'नी लगेच जाहीर केलं, "तोरणमाळ!"

तोरणमाळ आपल्या खानदेशचंच. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर ते धुळे जिल्ह्यातच मोडायचं, आणि सासूबाईंच्या तोंडी ते अजून धुळ्याचंच आहे. सातपुड्यात साडेतीन हजार फुटांच्या वर, यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथांचं देऊळ. वाट धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा आणि मग घाट. सारंगखेड्याचं नाव निघालं मात्र, सासूबाई हातातली लसूण सोलायची थांबल्या. लहानपणी त्या दत्तजयंतीच्या यात्रेला बैलगाडीने जात. घोड्यांचा बाजार भरतो ना, तीच यात्रा. गाडीत कडबा, कडब्यावर गोधडी, बरोबर पातेली आणि पीठ. तापीच्या काठी तीन दगडांची चूल मांडायची आणि रात्री गाडीच्याच खाली झोपायचं. "तवय काय, सगळा काठच आपला," त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, गाडीसकट मुक्कामाला जाणं ही काही ह्यांनी शोधून काढलेली गोष्ट नाही. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ पावसाळा संपला की घोड्यावर खाट, भांडी, कोंबड्या आणि तान्ही पोरं लादून निघतातच की. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!

आता माझ्या रागाकडे येते. ह्यांचं वाक्य होतं, "ओटा आहेच गाडीत, तिथे गरमागरम पिठलं-भाकरी करू. मजा येईल." करू म्हणजे कोण करणार हो? मी काही बोलले नाही. शाळेतून आणलेली वही उघडली (मी एका शाळेत अर्धा दिवस मराठी शिकवते, तपासायच्या वह्यांना आमच्या घरी तोटा नाही), मधोमध रेघ मारली आणि तयारीची कामं लिहीत गेले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. पीठ, मसाला, तिखटमिठाचे डबे, अंथरुणं, मुलांचे लोकरी कपडे, औषधं, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल, तिन्ही दिवसांचा चहा-नाश्ता-जेवण... माझ्या बाजूला सतरा कामं झाली. ह्यांच्या बाजूला एकच, गाडी चालवणे. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, स्वयंपाकघर बरोबर येतंय तशी स्वयंपाकीणही येणार असेल, तर मला घरीच जास्त हवेशीर वाटतं.

बराच वेळ वहीकडे पाहून हे म्हणाले, "भरीत मी करीन."

हसू नका. जळगावच्या पुरुषांना भरीत येतं! हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की हेच लोक पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजतात, सोलतात, ठेचतात, मिरची-लसूण-दाणे घालून घमेलंभर फोडणी देतात आणि बायकांना फक्त जेवायला बोलावतात. मग घरी चहाचा कपसुद्धा का उचलला जात नाही, हे कोडं मला लग्न होऊन तेरा वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. तेव्हा तोरणमाळची पहिली रात्र भरीत पार्टी असं ठरलं. वांगी बामणोदची, स्वयंपाकी हे. कळण्याच्या पुऱ्या मी निघायच्या दिवशी धुळ्याला जाऊबाईंबरोबर करून घेणार. बाकी प्रवासाला आपली दशमी आहेच. दुधात भिजवलेली, दोन दिवस मऊ राहणारी. बरोबर दाण्याची चटणी आणि ठेचा. दुसऱ्या दिवशी खिचडी, तीही ह्यांच्याच गळ्यात घातली आहे. मुलगी अकरा वर्षांची आहे, ती ताटं घेईल. मुलगा आठ वर्षांचा, तो भांडी विसळेल. हो, मुलगाच. मुद्दाम.

पण खरा प्रश्न जेवणाचा नव्हताच. तो त्या पडद्याआडच्या पेटीचा होता.

माझी नणंद अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असते. तिकडे ॲपलेशियन पर्वतातून ब्लू रिज पार्कवे नावाचा ४६९ मैलांचा डोंगरी रस्ता जातो आणि लोक अशाच, पण आपल्या एस. टी. एवढाल्या गाड्या घेऊन हिंडतात. तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, तिकडे कित्येक तळांवर पाण्याचा नळ गाडीला जोडता येतो आणि मैला रिकामा करायला वेगळी बांधलेली जागा असते. "तुमच्याकडे काय सोय आहे?" म्हणे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोरणमाळला गाडी कुठे लावू देतील, हेही आधी वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला विचारायला हवं, हे मला तिच्या प्रश्नानेच सुचलं. दिरांनी चौकशी केली. एका मुक्कामाच्या जागेच्या आवारात गाडी उभी करायची, त्यांना पैसे द्यायचे आणि पेटी त्यांच्याच संडासात रिकामी करायची, असं ठरलं. तलावाच्या काठी किंवा झाडीत मुळीच नाही. त्याच पाण्यावर तिथली माणसं आणि गुरं जगतात.

मग रिकामी करणार कोण? हा प्रश्न सासूबाईंनीच विचारला आणि बेत तिथेच मोडायची वेळ आली. "मन्ही घान मन्हा पोऱ्या उचली का?" असं म्हणून त्या आत गेल्या त्या देवघरातून बाहेरच येईनात. मी दारातून म्हटलं, आई, मी उचलते. त्यावर त्यांनी जे माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही. लाज होती त्यात, आणि सुनेनं उचलणं तेवढं चालेल असं काही मनात आल्याची आणखी एक लाजही होती.

ह्यांनी काय केलं सांगू? वाद घातला नाही. त्या रविवारी आम्ही धुळ्याला होतो, गाडी दारात उभी होती. हे गाडीत शिरले, पेटी काढली, तीत बादलीभर पाणी ओतलं आणि घरच्या संडासापर्यंत नेऊन ओतायची तालीम सुरू केली. पहिल्या खेपेला पायावर सांडलं, दुसऱ्या खेपेला झाकण उलटं लागलं. तिसऱ्या खेपेला नीट जमलं. आमचे चिरंजीव मागे-मागे फिरत पंचाचं काम करीत होते. सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. पण माझ्या वहीत ह्यांच्या बाजूला एक काम वाढलं, आणि ते त्यांनी आपल्या हाताने लिहिलं.

त्याच दिवशी पाण्याचा हिशेब मांडला. तुम्हीही मांडा, कारण टाकी भरलेली दिसली की बाईमाणसाला उगीचच निर्धास्त वाटतं. आम्ही पाच जण. प्यायला माणशी तीन लिटर, म्हणजे पंधरा. स्वयंपाक-चहाला दहा, भांड्यांना दहा, हात-तोंड आणि पेटीला वीस. दिवसाचे झाले पंचावन्न. टाकी आहे नव्वदची. म्हणजे दोन दिवससुद्धा पुरत नाही! तेव्हा प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमधून न्यायचं, शहाद्याला टाकी पुन्हा भरायची आणि भांडी आधी कागदाने पुसून मगच विसळायची. कपात मात्र भांड्यांच्या पाण्यात. प्यायच्या पंधरा लिटरला कुणी हात लावायचा नाही, असं मी वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डिसेंबरात वर कडाक्याची थंडी असते, गाडी बंद करून आत शेगडी पेटवायचा मोह होईल. तेवढं करू नका. बंद जागेत कोळशाचा जो विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. स्वयंपाकाचा गॅससुद्धा गळला तर हवेपेक्षा जड म्हणून तळाशी, नेमका खाली अंथरूण घातलेल्या माणसाजवळ, साचून राहतो. आम्ही लहान सिलिंडर घेतोय, पण शेगडी बाहेर मांडणार आणि रात्री नळी काढून ठेवणार. थंडीला गोधड्या आहेत. सासूबाईंनी स्वतः शिवलेल्या सहा काढून ठेवल्यात. त्या काढल्या, तेव्हाच मी ओळखलं की त्या येणार.

घाट दिवसाउजेडी चढायचा, उतरताना गिअर खालचा ठेवायचा, फोनला रेंज मिळेल असं गृहीत धरायचं नाही, या गोष्टी ह्यांच्या खात्यात आहेत. मी त्यात लक्ष घालत नाही. (घालते, पण बोलत नाही.)

गेल्या शनिवारी धुळ्याच्या अंगणात एक रात्र गाडीत झोपून पाहिलं. अशी रंगीत तालीम जरूर करा. काय विसरलं ते घराच्या दारातच कळतं. आमची बॅटरी विसरली होती, उशा जास्त होत्या, आणि खालच्या फळीवरून उठताना धरायला कडी नव्हती. ती दिरांनी सकाळी बसवून दिली. हे आणि चिरंजीव बाहेर तंबूत, आम्ही तिघी आत. जाऊबाई खिडकीतून डोकावून, "आमचा नंबर कधी?" विचारून गेल्या. पुढच्या वेळी ही वही मी त्यांना देणार आहे, दिरांची बाजू कोरी ठेवून!

रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. फळी करकरली, पडदा सरकला, थोड्या वेळाने पुन्हा सरकला. मी डोळे मिटूनच पडून राहिले. सासूबाई अंथरुणात बसल्या, गोधडी पायावर ओढली आणि त्यांनी नातीला हलकेच हलवलं.

"पानी दे वं बेटा," त्या म्हणाल्या. "पेला भरीसन दे."