अळणी भाजी आणि अम्मी

मेहकरला शाळेत असताना 'माझी आई' या निबंधात मी लिहिलं होतं, आई पहाटे उठून सडा टाकते, तुळशीला पाणी घालते. दहापैकी आठ मार्क मिळाले. आमच्या अंगणात तुळस नव्हतीच. अम्मी पहाटे उठायची ती फजरच्या नमाजला. पण तशी आई धड्यांत कुठे भेटली नव्हती, म्हणून मी धड्यातलीच उतरवली.

"क्या लिख्या, सुना," अम्मी म्हणाली. मला लाज वाटली. निबंध दप्तरात दडवला आणि 'श्यामची आई' उघडलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ('इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही त्यांचंच, हे मला फार उशिरा कळलं.)

अम्मीला वाचता येत नव्हतं, मराठी मात्र सगळी समजायची. 'अळणी भाजी' लागलं. आई रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायला विसरते. तिला वाईट वाटू नये म्हणून वडील काही न बोलता, वर कौतुक करत जेवतात. तव्यावरची भाकर उलटता उलटता अम्मी थांबली.

"आखिर में बैठी होंगी खाने कू. तब मालूम पड्या होंगा."

मी अजून तिथवर वाचलंच नव्हतं. पुढे तसंच होतं.

श्यामच्या घरातलं सोवळं-ओवळं, देवपूजा तिला परकं. पण सगळ्यांचं झाल्यावर शेवटी ताट घेणारी बाई तिने लगेच ओळखली. तुळशीचा निबंध मात्र मी तिला कधीच वाचून दाखवला नाही.