पुडीतले बी

माझी आत्या अलिबागेकडची. तिच्या परसात एक वांगे होई. जांभळे, पांढऱ्या रेघांचे, भरायला बेताचे. त्याचे बी बाजारात मिळत नाही, कारण ते वांगे बाजारात कधी गेलेच नाही. दरवर्षी एक फळ झाडावरच पिवळे होईपर्यंत ठेवायचे, बी धुऊन सावलीत वाळवायचे आणि राखेत घोळवून पुडीत बांधायचे, हा तिचा नेम. मागच्या वर्षी वैशाखात आत्या गेली. निघताना वहिनीने माझ्या हातात पुडी ठेवली. "भावजी, परसाकडे बघायला आता इथं कोणी नाही. तुम्हीच लावा."

पुण्यातल्या आमच्या गॅलरीला परस म्हणवत नाही. पण कुंड्या आहेत आणि हौस आहे. ही हौसच नडली. आत्याच्या बियाला काही कमी पडू नये म्हणून मी नदीकाठचा पोयटा आणवला, त्यात निम्मे शेणखत कालवले आणि श्रावणात अर्धी पुडी पेरली. आठव्या दिवशी अंकुर वर आले. पेढे वाटायचे तेवढे राहिले. बाराव्या दिवशी सकाळी पाहतो तो रोपे आडवी! मातीला लागून देठ बारीक, पाणचट झालेले. जणू कोणी चिमटीत धरून पिळले होते. दोन दिवसांत कुंडी रिकामी. सौ. काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

शेतकी कॉलेजात शिकवलेले एक स्नेही आहेत. त्यांनी कुंडी पाहिली आणि म्हणाले, "अहो, तान्ह्या मुलाला पुरणपोळी भरवलीत की!" बी आपली शिदोरी बरोबर घेऊनच येते. खरी पाने फुटेपर्यंत त्याला खत नको. ओल हवी आणि मुळांशी हवा हवी. पोयटा कुंडीत भिजून घट्ट बसतो, हवा कोंडते आणि मातीतली बुरशी कोवळ्या देठावर चढते. इंग्लंडात जॉन इनेस संस्थेतल्या लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी १९३०च्या दशकात रोपांच्या अशाच मरीला कंटाळून बियांसाठी मिश्रण ठरवले : तापवून शुद्ध केलेली माती दोन भाग, पीट एक भाग, वाळू एक भाग.

तापवलेली माती म्हटल्यावर मला आत्याचा राब आठवला. उन्हाळ्यात शेण, कवळ, पातेरा पसरून भाताची दाढ भाजायची. आम्हा मुलांना धुराची मजा. तणाचे बी त्यात जळून जाते, राख मिळते, हे तिला यंत्रावाचून ठाऊक होते. आत्याचे बी तेवढे मी आणले. अक्कल तिथेच राहिली.

गॅलरीत राब भाजला तर सोसायटीवाले बंब बोलावतील! म्हणून कोकोपीटची वीट आणली. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरतो तो हा भुसा. कोकणातल्या माणसाने तो पैसे देऊन घ्यावा, ह्याचे थोडे वाईट वाटले. असो. वीट पाणी पिऊन बादलीभर फुगते. तिच्यात खार असतो, म्हणून तीनदा धुतली. तीन वाट्यांना एक वाटी चाळलेले गांडूळखत घातले. मूठ आवळून पाहिली : थेंबभर पाणी सुटावे, आणि बोट लावताच मुटका फुटावा.

पुडीत १९ बिया उरल्या होत्या. "सात ठेवा," सौ. म्हणाली. ह्या खेपेस तिचे ऐकले. घटस्थापनेच्या दिवशी देवघरात घट बसला आणि गॅलरीत १२ बिया, वर बियाच्या दुप्पट जाडीचाच थर. दसऱ्याला नऊ रोपे उभी होती. रोज सकाळी मी आधी देठ बघत असे, मग वर्तमानपत्र.

दिवाळीत नातवाने अंगणात राजगड रचला. तटावर हळीव पेरले. ते बिचारे ओल्या गोणपाटावरसुद्धा उगवते. मग तो माझ्याकडे आला. "आजोबा, खाली शेत हवं. मावळे काय खातील?"

एव्हाना रोपांना चार-पाच पाने फुटली होती. मी सर्वांत जोमदार रोप हळूच मागे सरकवले. त्याने नेमके तेच उचलले.

किल्ल्याची माती कुठल्याशा बांधकामावरची, विटांच्या तुकड्यांची. मी खाली बसून आळे केले आणि त्यात मूठभर शेणखत घातले. आता ते चालणार होते.