नाक न दाबता

रहाटणीत नखाते वस्तीच्या बाजूला माझं औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे त्याला सगळे 'मेडिकल' म्हणतात आणि मला 'मेडिकलवाल्या ताई'. आसपासची बरीचशी कुटुंबं चाकण, भोसरी, चिंचवडच्या कारखान्यांवर जगणारी. कुणी बीड-लातूरकडून आलेलं, कुणी जळगावहून, कुणी थेट बिहारमधून. संध्याकाळी मुलांचे दवाखाने सुटतात आणि कंपनीच्या बसमधून माणसं घरी परततात, तेव्हा दुकानात गर्दी होते. कडेवर तापलेलं मूल, हातात चिठ्ठी आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, हे गोड आहे ना? नाहीतर घेणारच नाही तो."

किती एमएल, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे प्रश्न त्यानंतर येतात. कधी येतही नाहीत. म्हणून औषध देण्याइतकंच ते पाजायचं कसं हे सांगणं मी माझं काम मानते. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं, मी बरोबर दिलं, पण अर्धं औषध फ्रॉकवर सांडलं आणि उरलेलं ओकारीत गेलं, तर त्या मुलाला काय मिळालं? ताप उतरत नाही, आजार लांबतो, आईची एक दिवसाची मजुरी पुन्हा बुडते.

मुलं औषधाला घाबरतात त्याचं पहिलं कारण कडू चव. कडू लागलं की तोंड फिरवायचं, हे मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. निसर्गातल्या अनेक विषारी गोष्टी कडू असतात, त्यांच्यापासून जपणारी ही जन्मजात सोय आहे. शिवाय मोठ्यांपेक्षा लहानांना कडू जास्त लागतं. आपण जीभ लावून बघतो आणि "एवढं काही कडू नाही, नाटकं करू नकोस" म्हणतो, तेव्हा ते मूल बहुधा खरं सांगत असतं.

पण नुसत्या चवीची भीती लवकर जाते. बाटलीचं बूच फिरवल्याचा आवाज आला की जे मूल पलंगाखाली शिरतं, त्याला पुढचं सगळं ठाऊक असतं. एक जण हात धरणार, दुसरा डोकं धरणार, कुणीतरी नाक दाबणार. श्वास कोंडणार. आणि हे सगळं करणारी माणसं म्हणजे त्याचेच आईबाबा. इतक्या वर्षांत मुलांचे चेहरे बघून माझी खात्री झाली आहे की मुलं औषधापेक्षा या पकडण्याला जास्त घाबरतात.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपण कितीतरी ठिकाणी वापरतो. औषध पाजताना मात्र ती कधीच वापरू नये. रडणारं मूल मध्येच जोरात श्वास आत ओढतं आणि त्याच क्षणी तोंडात औषध असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. 2007 साली इथिओपियात जंताच्या औषधाच्या मोहिमेत तीन वर्षांखालची चार मुलं गोळी घशात अडकून दगावली. लहान मुलांना गोळी चुरूनच द्यावी आणि रडणाऱ्या, नको म्हणणाऱ्या मुलावर जबरदस्ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. त्या दिवशीही एक ते दोन वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची अर्धी आणि दोन ते तीन वर्षांच्या मुलांना पूर्ण गोळी चुरून पाण्यातून देतात आणि त्यांहून मोठ्या मुलांना पूर्ण गोळी नीट चावून खायला सांगतात.

या सगळ्याचा अर्थ मला एका मुलीमुळे नीट कळला. तिची आई माझ्याकडे आली ती बिनसुईची सिरिंज मागायला. चार वर्षांच्या त्या मुलीच्या मानेत टीबीच्या गाठी निघाल्या होत्या. औषध पालिकेच्या दवाखान्यातून फुकट मिळत होतं, पण ते पोटात जात नव्हतं. वडील चाकणच्या एका कारखान्यात फिरत्या शिफ्टमध्ये. ते घरी असले की दोघं मिळून तिला धरायचे, नसले की शेजारच्या काकूंना बोलवायचे. सिरिंजने थेट घशात सोडलं की मूल थुंकत नाही, असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती सिरिंज घ्यायला आली होती. बोलता बोलता रडायला लागली. "ताई, सकाळी मी जवळ गेले तरी ती भिंतीला चिकटते. अजून पाच महिने काढायचेत."

तिला दुकानात बसवलं आणि औषधाचं पाकीट आणायला सांगितलं. मुलांच्या टीबीचं औषध पूर्वी मोठ्यांच्या गोळ्या मोडून, कुटून द्यावं लागे. पाण्यात विरघळणाऱ्या, फळाच्या चवीच्या खास मुलांसाठीच्या गोळ्या जगात 2015 च्या अखेरीस आल्या आणि आता आपल्याकडेही मुलाच्या वजनानुसार त्या रोज देतात. तिच्याकडे याच गोळ्या होत्या. घरात मात्र त्या चमच्यात कुस्करून घाईघाईने तोंडात कोंबल्या जात होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी बरोबर आली. मी तिला सांगितलं, "तुझे बाबा कंपनीत गाडीचे पार्ट बनवतात ना? तसंच कुणाचे तरी बाबा कंपनीत हे औषध बनवतात." तिला ते पटलं. औषधाचा कारखाना ही आमच्या भागात लांबची गोष्ट नाहीच. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि इथे पेनिसिलीन बनू लागलं, हे इथल्या जुन्या माणसांना अजून अभिमानाने आठवतं. मग तिच्या मानेवरच्या गाठीला हलकेच हात लावून म्हणाले, "ही गाठ घालवायला हे औषध आहे. थोडं वाईट लागेल. आपण पटकन पिऊ, मग तोंड धुऊ." गोड आहे असं मी म्हटलं नाही.

घरी काय करायचं ते आईला सांगितलं. पेला मुलीने निवडायचा. गोळ्या तिनेच पाण्यात टाकायच्या आणि विरघळताना बघायच्या. औषध आईच्या हातून घ्यायचं की स्वतः प्यायचं, हेही तिने ठरवायचं. औषध घ्यायचं की नाही हा प्रश्न मात्र तिला विचारायचाच नाही, कारण त्यावर 'नाही' हे उत्तर आपण मानणार नसतो. पिऊन झालं की आईच्या पाकिटातली एक टिकली कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात तिनेच लावायची. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला लावली: या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, घाबरायचं कारण नाही. हे न सांगता मुलाने स्वतः बघितलं, तर औषधाने आपल्याला काहीतरी झालं या भीतीने ते दुसऱ्या दिवशी तोंडच उघडत नाही.

सुरुवातीला तिने पेला सांडला, रुसली, एकदा अर्ध्यावर ठेवून पळाली. सांडलं किंवा ओकलं तर डोस मनाने पुन्हा द्यायचा नाही, दवाखान्यात फोन करून विचारायचं, हे आईने कटाक्षाने पाळलं. वडिलांची शिफ्ट बदलली तरी औषधाची वेळ बदलायची नाही, हेही ठरलं. हळूहळू धरायला शेजारच्या काकूंची गरज उरली नाही. तिचा औषधाचा कोर्स पूर्ण झाला, गाठी विरल्या.

त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी चार गोष्टी सांगते. मूल मांडीवर ताठ बसलेलं असावं, आडवं नको. सिरिंज किंवा ड्रॉपरचं टोक घशाकडे न नेता गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत ठेवावं. अर्धा-एक एमएल सोडायचं, घोट गिळला की पुढचा. सिरिंज बघून मुलाला इंजेक्शन आठवत असेल तर आधी ती त्याच्या हातात द्यावी, अंघोळीच्या वेळी पाण्याशी खेळू द्यावी, बाहुलीला पाणी पाजू द्यावं. मोजायला घरातला चमचा घेऊ नये, कारण कुठला चमचा 5 एमएलचा हे कुणालाच ठाऊक नसतं. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. थेंबांच्या बाटलीत एका एमएलमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये 5 एमएलला 120 किंवा 250. एका बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला लावलं की डोस कितीतरी पट बदलतो.

चव झाकायचे उपाय असतात, पण ते विचारून करावेत. औषध आधी गार करता येईल का, त्यानंतर गूळ किंवा श्रीखंडाचं बोट चालेल का, हे मला विचारा. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. दुधाच्या पूर्ण बाटलीत औषध मिसळू नका, बाळाने बाटली अर्धी सोडली तर औषधही अर्धंच गेलं, आणि उद्यापासून ते दूधही नको म्हणेल. लोहाचं औषध दुधाबरोबर किंवा चहाबरोबर दिलं तर अंगी कमी लागतं. क्लॅरिथ्रोमायसिन संत्र्याच्या रसातून दिलं तर आंबटपणामुळे त्याच्या कणांवरचं आवरण विरघळतं आणि ते आणखी कडू होतं. जुलाबात दिलेली झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून चौदा दिवस द्यायची असते, जुलाब थांबले तरी. एखादं औषध मूल काही केल्या घेतच नसेल तर मारझोड न करता डॉक्टरांकडे परत जा. कित्येकदा दुसरी चव, थेंब, विरघळणारी गोळी किंवा दिवसातून कमी वेळा द्यायचं औषध मिळू शकतं.

'चॉकलेट आहे' असं सांगून औषध देऊ नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची विनंती. एकदा फसलेलं मूल पुढच्या वेळी खऱ्या चॉकलेटवरही विश्वास ठेवत नाही. आणि ज्याचा विश्वास बसतो ते कपाटातली बाटली स्वतः उघडून पितं, हे त्याहून धोक्याचं. तसंच 'त्रास दिलास तर कडू औषध पाजीन', 'डॉक्टरकाका सुई टोचतील' हे धाक बंद करा. ज्याला आपण वर्षभर शिक्षा म्हणून दाखवतो, त्यालाच तापाच्या रात्री मुलाने आपलं मानावं, हे कसं होईल?

तोंडातून दिलेलं औषध आनंदाचंही होऊ शकतं, हे आपण पोलिओच्या रविवारी बघितलं आहे. 1995 पासून आपल्या देशात पल्स पोलिओ मोहीम चालू आहे. बूथवर अंगणवाडीच्या ताई मुलाचं नाव विचारतात, अगदी लहानग्याचे गाल हलकेच दाबतात, दोन थेंब सोडतात आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण करतात. मुलं ते बोट दिवसभर मिरवतात. 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा भारत ज्यात येतो तो विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामागे लाखो मुलांनी उघडलेली तोंडं आहेत.

मुलांच्या भीतीबरोबर आईबापांची भीतीही मी आता रोज ऐकते. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या मुलांचे भेसळीच्या खोकल्याच्या सिरपमुळे जीव गेले. त्यातल्या काहींवर आपल्या नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर कुठलंही सिरप बघून आयांचे हात थांबायला लागले आणि आई कचरली की मूल ते लगेच ओळखतं. त्यावर उपाय घाबरून अँटिबायोटिक मध्येच सोडणं हा नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणतः देण्याजोगी नाहीत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्या वेळी पुन्हा बजावलं. म्हणून अशा लहान मुलांसाठी चिठ्ठीशिवाय खोकल्याचं सिरप मागू नका, मी देणार नाही. जे डॉक्टरांनी लिहिलं आहे ते बिलासह घ्या, बाटलीवरचं नाव आणि मुदत वाचा, शंका विचारा. शंका फिटली की हात कचरत नाही.

आणि वडिलांना एक सांगणं. औषध पाजणं हे एकट्या आईचं काम नाही. नाइट शिफ्ट करून सकाळी घरी आलात की सकाळचा डोस तुम्ही द्या. मुलाला मांडीवर घ्या, खरं ते सांगा, घाई करू नका, त्याचं नाक दाबू नका. मग ते पुढच्या आजारपणातही तुमच्या हातून औषध घेईल.